'डक्स अँड ड्रेक्स' म्हणजे काय आणि ते वापरायचं कसं

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत कोणीतरी लाडावलेला मुलगा बापाच्या इस्टेटीचे 'डक्स अँड ड्रेक्स' करतो. डिक्शनरीत बघावं तर डक म्हणजे बदक, ड्रेक म्हणजे नर बदक, मला तर आधी वाटलं पोल्ट्रीत पैसे बुडाले असतील.

तर आधी नदीवर चला. चपटा दगड घ्यायचा, अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचा, जरा वाकून पाण्याला जवळपास समांतर असा गरकन फिरवत सोडायचा. टप... टप.. टप टपटप, पहिला टप्पा लांब, मग जवळजवळ, आणि शेवटी बुडुक. याला आपण भाकऱ्या काढणं म्हणतो, इंग्रज पोरं डक्स अँड ड्रेक्स म्हणायची. १५८५ च्या एका इंग्रजी कोशात तर याचं नाव 'डक अँड अ ड्रेक अँड अ हाफपेनी केक' असं दिलंय, म्हणजे त्यांचा केक आणि आपली भाकरी, दोन्हीकडे नावं भुकेल्या पोरांनीच ठेवली असणार :)

आता दगडाऐवजी नाणी फेकतोय असं समजा. झाला अर्थ. सतराव्या शतकातच इंग्रजीत पैसे उधळण्यासाठी हे वापरायला लागले होते.

वापरताना आधी 'मेक' असेल तर 'ड्रेक्स'च्या पुढे 'ऑफ' (of) आणि आधी 'प्ले' असेल तर पुढे 'विथ', एवढं पाठ करून टाका.

खरी गडबड भाषांतरात होते. दोन्हीकडे पाणी आहे म्हणून लोक सरळ 'पैसे पाण्यात गेले' लिहून मोकळे होतात, ते चूक आहे. मित्राने इमानदारीत चहाची टपरी टाकली, चालली नाही, तर त्याचे पैसे पाण्यात गेले, त्याने डक्स अँड ड्रेक्स नाही केले. पण आमच्या लांबच्या एका काकांनी जमीन विकली आणि सहा महिने हॉटेलात ओळख ना पाळख अशा प्रत्येकाचं बिल आपणच भरायचं असं चालवलं, ते मात्र शंभर टक्के डक्स अँड ड्रेक्स. फेकणाऱ्याला फेकताना मजा येत होती का एवढंच बघायचं, येत असेल तर 'उधळले', 'उडवले' असं लिहा.

पैशाशिवाय आयुष्य, अब्रू, पुरावे यांच्याशी बेफिकीर खेळणाऱ्यालाही हे चालतं. बोलण्यात मात्र आता फार जुनाट वाटतं, ऑफिसच्या मेलमध्ये आपलं 'वेस्ट' बरं, नाहीतर बॉस बदकं शोधत बसेल.