उन्हाळ्यात सिएराच्या तळ्यांवर ट्राउट लागत नाही? स्पिनर बदलायच्या आधी या चुका टाळा

दर जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या बे एरियातला कोणी ना कोणी मित्र ईस्टर्न सिएराहून, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांच्या पूर्वेकडून, हात हलवत परत येतो आणि आल्या आल्या विचारतो, कुठला स्पिनर (पाण्यात ओढल्यावर फिरणारी चकचकीत पत्र्याची नकली गरी) घेऊ रे? अरे बाबा, स्पिनरचा काय दोष. तू नाश्ता-बिश्ता उरकून साडेदहाला पाण्यावर पोचलास, ऊन डोक्यावर, चारपर्यंत एकाच दगडावर बसलास, आणि मासा बरोबर त्याच वेळात खाली गेलेला.

मी मालवणकडचा. लहानपणी खाडीवर गरवायला जायचो तेव्हा भरती-ओहोटी न बघता गरी उचलली तर घरचे हसायचे. डोंगरातल्या तळ्याला भरती नाही, पण वेळापत्रक आहेच, ते सूर्याचं आणि पाण्याच्या गारव्याचं, आणि तेच न बघणं ही सगळ्यात मोठी चूक.

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. साधारण १० ते १५ अंश सेल्सिअस त्याला मानवतं, २० च्या पुढे पाणी गेलं की त्याचं खाणं मंदावतं, कारण पाणी जितकं कोमट तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. जून लेक, कॉन्व्हिक्ट लेक अशी साडेसात-आठ हजार फुटांवरची तळी घ्या, उन्हाळ्यात वरचा थर तापतो, खाली गार पाणी तसंच राहतं, आणि दुपारी मासा त्या दोन थरांच्या सीमेवर जाऊन बसतो. तुम्ही काठावरून वरच्या चार फुटांत स्पिनर ओढताय, तो खाली तीस फुटांवर. म्हणून एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून सोबत ठेवा, फार पैसे पडत नाहीत, वेगवेगळ्या खोलीवर सोडून बघा. काठावरून गरवायचं तर उजाडल्यापासून आठ-नऊपर्यंत आणि मग थेट संध्याकाळचा शेवटचा तास. मधे जायचंच असेल तर जिथून ओढा तळ्यात उतरतो ते तोंड गाठा, तिथलं पाणी गार असतं आणि खाणंही वाहून येतं. नाहीतर बोट घ्या आणि खोल जा.

त्याहून वर गेलं की गणित बदलतं. लिटल लेक्स व्हॅलीचा ट्रेल जिथून सुरू होतो तीच जागा १०,२०० फुटांच्या आसपास आहे, तिथल्या तळ्यांचं पाणी ऑगस्टमध्येही बोटं बधिर करतं, त्यामुळे उष्णता हा प्रश्नच नाही. तिथे प्रश्न काचेसारख्या पाण्याचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उतरून, जीव खाऊन लांब लांब कास्ट करत, म्हणजे गळ फेकत होतो, आणि मित्राचा दहा वर्षांचा पोरगा मागे गवतात बसून पायाजवळच्या पाण्यातून ब्रूक ट्राउट काढत होता, एकामागून एक! मासा काठाकाठानेच फिरत असतो हो, किडे तिथेच पडतात. तेव्हा आधी काठापासून आठ-दहा फूट मागे थांबा, सावली पाण्यावर पडू देऊ नका, पोलराइज्ड गॉगल लावून दोन मिनिटं नुसतं बघा, पहिली कास्ट काठाला समांतर टाका. पाण्यात उतरायचं नाव नको.

वाऱ्याचं पण असंच. दुपारी वारा सुटला की सगळे वारा पाठीशी घेऊन उभे राहतात, कास्ट लांब जाते म्हणून, पण मुंग्या, नाकतोडे, पडलेले किडे वारा समोरच्या काठाला नेऊन गोळा करतो. तिकडे तोंडावर वारा घेऊन उभं राहणं वैताग आहे, मान्य, पण मासे तिकडेच असतात.

लाइनबद्दल थोडक्यात: ८ पौंडाची (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) जाड लाइन, गळाचा दोरा, स्वच्छ पाण्यात दोरखंडासारखी दिसते, ४ पौंडाची पुरे. आणि ते बरणीतलं रंगीत पिठासारखं आमिष लावत असाल तर ते तरंगणारं असतं हे लक्षात घ्या. फ्लोटखाली टांगून उपयोग नाही, तळाशी सरकतं शिसं आणि पुढे दीडेक फूट लीडर (शिसं आणि गळ यांच्यामधला बारीक दोरा), म्हणजे ते तळापासून वर उचललेलं राहतं. हे आमिष तळ्यात आणून सोडलेल्या, म्हणजे हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढलेल्या रेनबो ट्राउटसाठी चांगलं, वरच्या तळ्यांतले ब्रूक ट्राउट मात्र किडे खाऊन वाढलेले, त्यांना छोटा स्पिनर नाहीतर फ्लाय (पिसं-दोऱ्याचा नकली किडा) बरी.

आता एक गोष्ट जी मला खरंच खटकते. मासा पकडायचा, दगडावर आपटू द्यायचा, कोरड्या हाताने धरून सहा सेल्फी काढायचे आणि मग "सोडून दिला" म्हणायचं. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि पाणी २० अंशांच्या वर असेल तर दमलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो. हात ओले करा, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाका, मासा पाण्यातच ठेवून सोडवा. गळ घशात गेला असेल तर ओढू नका, लाइन कापा. पाणी फारच कोमट असेल तर त्या दिवशी सोडण्यासाठी पकडूच नका.

वर दुपारचे ढग गडगडायला लागले की ग्राफाइटचा रॉड हातात धरून उघड्यावर थांबू नका, सरळ खाली उतरा, मासे उद्या पण असतील. मासेमारीचं लायसन्स १६ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला लागतं, २०२३ पासून कॅलिफोर्नियात ते घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतं, त्यामुळे "डिसेंबरला संपणार, आता कशाला" हे कारण गेलं. किती मासे ठेवता येतात ते मात्र पाण्यागणिक वेगळं, निघायच्या आधी त्या तळ्याचे नियम वाचा.

आणि ठेवणार असाल तर तो दोरीत ओवून काठाच्या कोमट पाण्यात दिवसभर लटकवू नका, मांस मऊ पडतं आणि घरी आल्यावर "ट्राउटला चवच नाही" अशी तक्रार सुरू होते. लगेच मारा, पोट साफ करा, बर्फात घाला. खवलं काढायची गरज नाही, इतकी बारीक असतात. आगळ, हळद, तिखट, मीठ लावून वरून रवा, आणि तवा चांगला तापू द्या.