फेच फेल होत होतं, चूक पत्त्यात निघाली
काकांचा नागपूरच्या कळमना मार्केटात संत्र्याचा व्यवहार आहे, त्यांच्यासाठी रोजचे भाव दाखवणारं एक पेज बनवलं होतं, ते भाव फेचनं (जावास्क्रिप्टचं डेटा मागवणारं फंक्शन) आणतं. घरच्या लॅपटॉपवर मस्त चाललं, पण सर्व्हरवर टाकलं अन् टेबल रिकामा, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये फक्त जेसन (डेटा पाठवायचा एक मजकूर-फॉरमॅट) पार्स होत नाही, म्हणजे वाचता येत नाही, '<' अनपेक्षित आहे असा एरर. दोन रात्री मी जेसनच तपासत बसलो, ते तर बरोबरच होतं ना!

मग नेटवर्क टॅबमध्ये त्या रिक्वेस्टवर क्लिक केलं तर स्टेटस 404 (त्या पत्त्यावर काही सापडलं नाही), अन् रिस्पॉन्समध्ये जेसन नाहीच, सर्व्हरचं एचटीएमएल एरर पेज, ते '<' तिथलंच. पेज आता एका फोल्डरमध्ये होतं, भाव देणारा सर्व्हरवरचा पत्ता, म्हणजे एपीआय, मात्र रूटला (साइटच्या सर्वात वरच्या पातळीवर), आणि फेचमधला पत्ता सुरुवातीच्या स्लॅशशिवाय लिहिलेला, म्हणून ब्राउझर त्या फोल्डरच्याच आत शोधत होता. स्लॅश लावला, भाव आले.

पण महत्त्वाचं हे की 404 किंवा 500 (सर्व्हरमधली चूक) आलं तरी फेच स्वतःहून कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) जात नाही, नेट तुटलं किंवा कॉर्सनं (दुसऱ्या साइटचा डेटा वाचण्याबद्दलचा ब्राउझरचा नियम) अडवलं तर जातं. म्हणून आता जेसन वाचायच्या आधी रिस्पॉन्स डॉट ओके (उत्तर यशस्वी आहे का) तपासतो, नसेल तर स्टेटस नंबरासकट एरर फेकतो. काका सकाळी लिलावाआधी पेज उघडतात, त्यांना रिकाम्या टेबलापेक्षा 'भाव आले नाहीत' असं स्पष्ट दिसलेलं बरं.