सांभाळणाऱ्या मावशींचं ग्रीन कार्ड : पगाराचा पुरावा कसा दिला

न्यू जर्सीत आईला सांभाळायला साताऱ्याच्या मावशींना ईबी-३ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या प्रकारातल्या ‘अदर वर्कर्स’ (दोन वर्षांपेक्षा कमी प्रशिक्षण लागणारी कामं) गटात स्पॉन्सर केलं. लेबर सर्टिफिकेशन (या कामाला अमेरिकेत कुणी मिळत नाही, असा कामगार खात्याचा दाखला) मिळालं, पण आय-१४० या स्पॉन्सरने भरायच्या अर्जावर इमिग्रेशन खात्याची विचारणा आली: ठरलेला पगार तुम्हाला झेपेल का? कंपनी नसून कुटुंबच स्पॉन्सर असलं, की घरखर्च भागून पगार उरतो का, हेही बघतात. मग टॅक्स रिटर्नमधल्या उत्पन्नापुढे महिन्याचा खर्च ओळीओळीने मांडला: घराचा हप्ता, विमा, वाणसामान, आईची औषधं. प्रायॉरिटी डेटपासूनची (लेबर सर्टिफिकेशनचा अर्ज दाखल झाला ती तारीख) रिटर्न्स आणि बँकेची स्टेटमेंटं जोडली. मंजुरी आली! लेबर सर्टिफिकेशनचा खर्च, आपल्या वकिलाच्या फीसकट, आपणच भरायचा. तो मावशींच्या पगारातून कापणं बेकायदा आहे आणि अन्यायही. आता व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, हे दर महिन्याला सांगणारं सरकारी पत्रक) भारताची तारीख सरकायची वाट बघतोय.