गरोदरपणात जननेंद्रियांचा हर्पिस : या चुका टाळा

जननेंद्रियांचा हर्पिस हा मुख्यतः शरीरसंबंधातून पसरणारा, फोड आणणारा विषाणूजन्य आजार आहे. तो असलेल्या बहुसंख्य स्त्रियांची प्रसूती सुखरूप होते आणि बाळही निरोगी जन्मते. बाळाला धोका पोचतो तो बहुधा न कळलेल्या किंवा न सांगितलेल्या आजारामुळे.

पुण्यातल्या कुठल्याही प्रसूतिगृहात पहिल्या तपासणीला डॉक्टर ‘पूर्वीचा काही आजार?’ असे विचारतात, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर अनेकदा सासूबाई बसलेल्या असतात आणि ‘काही नाही’ हे उत्तर फाईलवर जाते. पुढचे सगळे निर्णय मग त्याच उत्तरावर घेतले जातात. वजन आणि रक्तदाब तपासणाऱ्या नर्सला ‘मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे’ एवढे सांगितले तरी पुरते. हा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकतो, त्यामुळे आज उठलेला फोड हा कोणाच्याही आजच्या वर्तनाचा पुरावा नसतो, हे नवऱ्यालाही समजावून सांगायला हवे.

यातली दुसरी अडचण माहेरच्या बाळंतपणाची आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी पुण्याहून साताऱ्याला किंवा लातूरला जाते, तिथे डॉक्टर बदलतात, सोनोग्राफीचे अहवाल सोबत जातात आणि हर्पिसची नोंद मागे राहते. नेमकी त्यानंतर लवकरच हर्पिसचे औषध सुरू करण्याची वेळ येते. निघण्यापूर्वी पुण्यातल्या डॉक्टरांकडून पहिला त्रास कधी झाला, अलीकडचा कधी आणि कोणती औषधे दिली, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

पहिल्यांदाच झालेला संसर्ग आणि जुन्या संसर्गाची उचल यांत मोठा फरक आहे. आई पूर्वीपासून बाधित असेल, तर तिची प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी रक्तातील प्रथिने) वारेतून बाळापर्यंत पोचलेली असतात. त्यामुळे प्रसूतीच्या वेळी पुन्हा फोड आले तरी बाळाला लागण होण्याची शक्यता सुमारे ३ टक्के किंवा त्याहून कमी असते. प्रसूतीच्या तोंडावर प्रथमच संसर्ग झाला, तर हीच शक्यता ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत योनीभोवती दुखरे, पाणीदार फोड किंवा जखमा दिसल्या, लघवीला आग होऊ लागली, तर उष्णता म्हणून थंड सब्जा पिऊन किंवा नागीण समजून लेप लावून दिवस घालवू नयेत. फोड ओले असतानाच त्यातील द्रवाची पीसीआर (विषाणू शोधणारी) तपासणी चांगली होते. मलम चोपडून ते सुकवल्यावर निदान अवघड होते. खासगी डॉक्टरांकडे जायला संकोच वाटत असेल, तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग आहे.

टॉर्च चाचणीत (गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी) हर्पिसचा आयजीएम, म्हणजे एका प्रकारचे प्रतिपिंड, पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरून जाण्याची चूकही फार होते. ही चाचणी या आजारासाठी विश्वासार्ह नाही आणि केवळ तिच्या आधारावर गर्भपाताचा विचार करणे तर सर्वस्वी अयोग्य आहे.

पतीला हर्पिस असेल आणि पत्नीला नसेल, तर शेवटच्या तीन महिन्यांत संबंध टाळावेत. पतीच्या ओठावर फोड असतील तर मुखमैथुनही टाळावे, कारण ओठांवरचा विषाणू जननेंद्रियांनाही बाधतो.

‘गरोदरपणात औषध नको’ म्हणून असायक्लोव्हिर हे हर्पिसवरील विषाणूरोधक औषध परस्पर बंद करणे ही सर्वांत घातक चुकांपैकी एक. या औषधाचा गरोदरपणातील अनुभव अनेक वर्षांचा आहे. वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रीला साधारणपणे ३६व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा दिली जाते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. केवळ पूर्वी हर्पिस झाला होता म्हणून सिझेरियनचा हट्ट धरण्याचे कारण नाही. मात्र कळा सुरू होताना फोड असतील, किंवा फोड येण्यापूर्वीची ओळखीची जळजळ आणि मुंग्या जाणवत असतील, तर सिझेरियनच योग्य ठरते. शेवटच्या सुमारे सहा आठवड्यांत पहिलाच संसर्ग झाला असेल, तरीही सहसा तोच सल्ला दिला जातो. अशा वेळी पाणमोट फुटल्यावर घरी थांबू नये, आणि दाखल होताच हर्पिसचा उल्लेख करावा, म्हणजे बाळाच्या टाळूला ठोके मोजणारा इलेक्ट्रोड लावणे किंवा बाळ ओढून काढण्याचा चिमटा वापरणे डॉक्टर शक्यतो टाळतील.

बाळ घरी आल्यावर आईने स्तनपान सुरू ठेवावे. फक्त स्तनावरच फोड असतील तर त्या बाजूचे टाळावे. हात धुणे अत्यावश्यक आहे. बारशाला आलेल्या ज्या पाहुण्याच्या ओठावर फोड असेल, त्याला बाळाचा पापा घेऊ देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो. पहिल्या चार-सहा आठवड्यांत बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, ताप आला किंवा अंग थंड पडले, झटके आले, अंगावर, डोळ्यांजवळ वा तोंडात फोड दिसले, तर त्याच क्षणी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि आईला हर्पिस आहे हे आधी सांगावे, म्हणजे तपासणीचा अहवाल येण्याची वाट न पाहता शिरेतून असायक्लोव्हिर सुरू करता येते.