‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’मधलं पान कुठलं?

‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ हा इंग्रजी वाक्प्रचार वाचला की डोळ्यांपुढे पालवी येते. पण इथलं ‘लीफ’ म्हणजे वहीचं पान. मराठीत झाडाचंही पान आणि वहीचंही पानच, म्हणून आपल्याला हे चटकन उमगायला हवं. खाडाखोड झालेलं पान उलटायचं आणि कोऱ्या पानावर नीट लिहायला घ्यायचं. तसं जुनं वागणं सोडून सुधारायचं. १६व्या शतकापासून हा वाक्प्रचार इंग्रजीत आहे.

बदल स्वतःच्या वागण्यातला हवा आणि चांगलाच हवा, एवढं जरूर सांभाळा. रोज आठ वाजता उठणारा मुलगा पहाटे अभ्यासाला बसू लागला, तर ‘ही हॅज टर्न्ड ओव्हर अ न्यू लीफ’ अगदी चपखल. नुसती नोकरी किंवा घर बदललं तर हा वाक्प्रचार शोभत नाही. जुनं दुःख मागे टाकलं असेल तर ‘टर्न द पेज’ म्हणावं. आणि ‘टर्न’ व ‘ओव्हर’ सुटे लिहा. जोडून लिहिलं की ते नाम होतं, आणि धंद्याच्या पत्रात त्याचा अर्थ थेट उलाढाल!