ऑक्टोबरची तुलना थेट जूनशी, लॅगचा घोळ

घोडबंदरला राहतो, म्हणजे टँकर आलेच, सोसायटीचा टँकरखर्च मी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टाकतो आणि दर महिन्याचा फरक लॅगने (मागचा आकडा आणून देणारं फंक्शन) काढतो. सेक्रेटरी काकांनी विचारलं, "अरे, ऑक्टोबरात खर्च कमी कसा दाखवतोय?" बघतो तर पावसाळ्यात टँकरच नव्हते, त्यामुळे जुलै ते सप्टेंबरच्या ओळीच नाहीत, आणि लॅगला महिना वगैरे काही कळत नाही हो, तो फक्त आधीची ओळ उचलतो, म्हणजे जून! मग जनरेट सिरीज या फंक्शनने सगळे महिने ओळीने बनवले, त्याला टेबल लेफ्ट जॉइन केलं (म्हणजे खर्च नसला तरी महिना राहतो), रिकाम्या जागी कोअलेसने शून्य. टक्के काढताना मागचा महिना शून्य, लगेच शून्याने भागाकाराचा एरर, तिथे नलइफ, म्हणजे शून्याच्या जागी नल (रिकामं). टक्के आधी सगळे ० येत होते, पूर्णांक भागिले पूर्णांक ना, दशांश गळतो, १००.० ने गुणायचं ते भागायच्या आधी.