१ जानेवारी १९८०ची फाइल: जुन्या मॉडच्या शोधात निघणाऱ्यांसाठी

माझ्याकडच्या एका सीडीवर डूमचा एक नकाशा, म्हणजे खेळायचा एक टप्पा आहे. फाइलची तारीख १ जानेवारी १९८०. डूम हा भुतं मारायचा कॉम्प्युटर गेम आला १० डिसेंबर १९९३ला. म्हणजे गेमच्या तेरा-चौदा वर्षं आधी त्याचा नकाशा कुणीतरी करून ठेवलेला!

ही सीडी मामाची. म्हापशात त्याचा सायबर कॅफे होता. तो बंद झाला तेव्हा उरलेल्या सीडींची पिशवी आमच्या फोंड्याच्या घरी आली आणि माळ्यावर पडून राहिली. बीसीएच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाला विषय सुचत नव्हता, तेव्हा मी ती खाली काढली. डूमसाठी चाहत्यांनी घरी बसून केलेले पहिले बदल, म्हणजे मॉड, कुठले ते शोधायचं ठरवलं. सर म्हणाले, "पहिलं म्हणजे काय ते आधी लिहून आण." मला वाटलं, सर टाळतायत. पुढे कळलं की त्यांनी अर्धं काम तिथेच करून दिलं होतं. पहिलं तयार झालेलं, पहिलं लोकांपर्यंत पोचलेलं आणि आज हातात असलेल्यांतलं सगळ्यात जुनं, ही तीन वेगळी उत्तरं आहेत. नव्याने शिरणाऱ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर यातला आपला प्रश्न कुठला ते लिहावं, नाहीतर दर आठवड्याला नवा 'पहिला' सापडत राहतो.

डूमच मूळ असंही समजू नका. १९८३मध्ये अँड्र्यू जॉन्सन आणि प्रेस्टन नेव्हिन्स यांनी ॲपल टू या कॉम्प्युटरवरच्या कॅसल वुल्फेन्स्टाइन या गेममधले नाझी पहारेकरी काढून तिथे कार्टूनमधले निळे बुटके स्मर्फ बसवले आणि त्याला कॅसल स्मर्फेन्स्टाइन नाव दिलं. पहिलं मॉड म्हणून बहुतेक जण याचंच नाव घेतात. पण तिथे मूळ गेमचीच चिरफाड करावी लागली होती. डूममध्ये त्याचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅकने मुद्दाम वाट मोकळी ठेवली. गेम चालवणारा प्रोग्रॅम वेगळा. आणि नकाशे, चित्रं, आवाज हा सगळा ऐवज वॅड नावाच्या वेगळ्या फाइलीत. मूळ फाइलीला हात न लावता आपली छोटी वॅड वरून लावायची. म्हणून डूमच्या मॉडचा माग काढता येतो. प्रत्येक मॉड सुट्या फाइलीत असतं.

वॅड उघडून बघायला घाबरू नका. फाइलीतले बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीच्या आकड्यांत दाखवणारा कुठलाही फुकट प्रोग्रॅम चालतो. पहिले चार बाइट ५० ५७ ४१ ४४ असे दिसले की ती चाहत्याची, म्हणजे पीवॅड. ४९ने सुरुवात झाली तर गेमची मूळ आयवॅड. पुढचे चार बाइट आत किती नोंदी आहेत ते सांगतात, त्यापुढचे चार त्या नोंदींची यादी कुठे आहे ते. आकडे उलटे लिहिलेले असतात, सगळ्यात कमी किमतीच्या स्थानाचा बाइट आधी. एकच नकाशा असेल तर नोंदी बहुधा अकरा: नकाशाचं नाव आणि त्याखाली थिंग्ज (वस्तू), लाइनडेफ्स (रेषा), व्हर्टेक्सेस (रेषांची टोकं), नोड्स वगैरे दहा. थिंग्जमध्ये प्रत्येक वस्तूला दहा बाइट लागतात, तेव्हा त्या नोंदीच्या आकाराला दहाने भागलं की भुतं, बंदुका, औषधाच्या पेट्या मिळून किती वस्तू आहेत ते गेम न लावताच कळतं. हा हिशेब पहिल्यांदा जुळला त्या रात्री मला झोप आली नव्हती.

नोड्स ही नोंद मात्र नीट समजून घ्या. भिंतींचे तुकडे कुठून कसे दिसतील याचं आधीच करून ठेवलेलं गणित तिच्यात असतं. एक भूत इकडचं तिकडे ठेवलं तर ते बदलत नाही; नवी भिंत घातली की सगळं पुन्हा मांडावं लागतं. त्यामुळे अगदी सुरुवातीच्या फाइली चाळताना 'जुन्याच नकाशात वस्तू हलवलेल्या' आणि 'नकाशाच नवा' असे दोन ढीग करा. मी केले नव्हते, आणि महिनाभराची यादी फुकट गेली.

तारीख वॅडच्या आत कुठेच नसते. यादीतल्या प्रत्येक नोंदीला सोळा बाइट, त्यांत जागा, आकार आणि नाव, बस्स. तारीख येते ती बाहेरच्या झिप फाइलीतून किंवा डिस्कवरून. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पद्धतीची वेळ दोन-दोन सेकंदांनी मोजली जाते, म्हणून सेकंद नेहमी सम; आणि कुठल्या देशाची वेळ हे तिच्यात लिहिलेलंच नसतं. डीईयू हा नकाशे करण्याचा सुरुवातीचा प्रोग्रॅम न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातल्या ब्रेंडन वायबरने २६ जानेवारी १९९४ला बाहेर काढला. तिकडे २६ची दुपार म्हणजे डूम जिथे तयार झाला त्या टेक्ससमध्ये अजून २५ची संध्याकाळ. एक-दोन दिवसांच्या फरकावरून कुणाला पहिलं ठरवत असाल तर हे आधी तपासा.

माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. एक जुनी वॅड मी आजच्या संपादकात, म्हणजे नकाशे करण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, नुसती बघायला, आणि बंद करताना सवयीने सेव्ह दाबलं. त्याने नोड्स नव्याने मांडले. आकार बदलला, हॅश (फाइलीतल्या बाइटांवरून काढलेला तिचा ओळख-आकडा) बदलला, आणि हातात राहिली माझीच त्या दुपारची फाइल. सुदैवाने त्या सीडीवर पुन्हा लिहिता येत नव्हतं, तिथे मूळ प्रत शाबूत होती. तेव्हापासून फाइल हाती आली की आधी हॅश वहीत, मग मूळ प्रत कुलपात, आणि काम फक्त नकलेवर.

१९८०चं कोडं सोडवायला उपयोगी पडलं ते बाबांकडचं एक हँडबिल. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाचं. त्यावर तिथी आणि वार आहे, साल नाही. बाबांनी जुनी पंचांगं काढून तिथी-वार जुळवले आणि चार-पाच सालांवर आले. मग नटांच्या नावांत काकांचं नाव दिसलं. काका नाटकात उतरले ते नोकरी लागल्यावर, म्हणून त्याआधीची सालं बाद. मॉडच्या बाबतीतही हेच करायचं. बरोबरची टेक्स्ट फाइल वाचा. करणाऱ्याने कुठला संपादक वापरला ते तिथे बहुधा असतं, आवृत्तीसकट. त्या आवृत्तीच्या आधीची ती फाइल असूच शकत नाही. ती ज्या सीडीवर सापडली ती सीडी निघाली त्यानंतरचीही असू शकत नाही. नकाशा या दोहोंच्या मधला. किती दिवसांत केला वगैरे करणाऱ्याने लिहिलेलं असतं, ते त्याचं म्हणणं म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवा.

माझ्या फाइलीत नकाशाचं नाव निघालं मॅप०१. पहिल्या डूममध्ये नकाशांची नावं ई१एम१ (पहिल्या भागातला पहिला नकाशा) अशी असतात; मॅप०१ ही पद्धत डूम टूची, आणि तो आला १९९४च्या ऑक्टोबरच्या आगेमागे. मग १९८० कुठून? डॉसचं कॅलेंडरच १ जानेवारी १९८०ला सुरू होतं. घड्याळाची बॅटरी गेलेल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी ती सेव्ह केली असणार. तीन आठवडे माझ्या यादीत सर्वात वर असलेली फाइल मी खाली सरकवली.

पूर्णपणे नव्या नकाशांत सर्वात वर उरली ती ओरिगवॅड, जेफ्री बर्डची, ७ मार्च १९९४ची. गेम आल्यानंतर तीन महिन्यांच्या आतली. प्रकल्प जमा करायच्या आदल्या दिवशी मामा घरी आला होता. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "हें कितें करता रे?" मी म्हटलं, "मामा, ज्याच्या मागे वर्षभर होतो ते हे. खेळून बघ." दोन खोल्या, मधे एक दार, थोडी भुतं. चहा यायच्या आत त्याचं खेळून झालं.

"इतलेंच?" मामा म्हणाला, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.